अनुभव धागा : मोठ्या मुलांबरोबर एका दिवसाची गावभेट

पाऊलखूण

परवा मुलाचे कपाट आवरत असताना त्याच्या शाळेतल्या कंपासपेटीत एसटीचे एक तिकीट सापडले. यंत्रातून निघणाऱ्या त्या तिकिटावरची छपाई पार उडून गेली होती, पण मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले 'पान १३२' मात्र अजून स्पष्ट वाचता येत होते. मुलगा आता शिक्षणासाठी बाहेरगावी असतो. तिकिटाचा फोटो त्याला पाठवला, तेव्हा त्याचे लगेच उत्तर आले, "आई, ते पुस्तक माझे अजून वाचून व्हायचे आहे." तेव्हापासून तो दिवस मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

फेब्रुवारी २०१९ मधली ही गोष्ट आहे. मुलगी तेव्हा अकरावीत होती आणि मुलगा आठवीत. लहानपणी दोघे कुठेही आनंदाने येत असत, पण त्या वर्षी 'आपण भिलारला जाऊ' म्हटल्यावर दोघांचेही चेहरे उतरले. एका दिवसासाठी इतक्या पहाटे उठायचे, गावात जाऊन पुस्तके वाचायची आणि परत यायचे, यात काय विशेष आहे, असे मुलीने सरळ विचारले. मला नीट उत्तर देता आले नाही. तरीही आम्ही स्वारगेटहून सकाळची पहिली गाडी धरली, वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणीला उतरलो आणि पुढे वडापने, म्हणजे शेअर जीपने, भिलारमध्ये पोचलो.

ज्यांनी हे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान वसलेले हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. राज्य मराठी विकास संस्थेच्या या प्रकल्पात सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तके ठेवली गेली, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणे म्हणजे गावकऱ्यांची राहती घरे आहेत. कुठे कथा-कादंबऱ्या, कुठे कविता, कुठे संतसाहित्य, कुठे चरित्रे. आपण चप्पल काढून आत जायचे, कपाटातून पुस्तक घ्यायचे आणि तिथेच बसून वाचायचे. त्यासाठी कोणी पैसे मागत नाही.

मी त्या दिवशी एकच गोष्ट योग्य केली असे आज वाटते. गावात शिरल्यावर मुलांना सांगितले की दीड वाजता चौकात भेटू, तोवर तुम्हाला हवे तिकडे जा. मुलगा निसर्ग आणि प्रवास यांची पुस्तके असलेल्या एका घरात शिरला आणि दीडला आलाच नाही. मी शोधत गेले तेव्हा तो खिडकीखाली मांडी घालून वाचत होता आणि त्या घरातल्या आजी शेजारीच स्ट्रॉबेरी निवडून डब्यांत भरत होत्या. आजींनी मला खुणेने थांबवले. "वाचू द्या की. जेवायला मी घालीन त्याला," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच त्याला भाकरी आणि वाटाण्याची उसळ वाढली. मुलगी दुसऱ्याच घरच्या काकूंबरोबर शेतावर गेली होती. फळाला बोट न लावता देठ नखाने कसा तोडायचा, मोठी फळे वेगळी का ठेवायची, हे सगळे ती शिकून आली. परतताना गाडीत तिने मला विचारले, की दिवसभर वाकून फळे तोडणाऱ्या बायकांना किती मजुरी मिळते आणि आपण पुण्यात डबा कितीला घेतो. मजुरीचा आकडा तिने काकूंना विचारून ठेवला होता, आणि त्या हिशेबावर ती पार स्वारगेटपर्यंत माझ्याशी बोलत राहिली.

निघायची वेळ झाली तेव्हा मुलगा पान १३२ वर होता. पुस्तक घरी नेता येत नव्हते. आजी म्हणाल्या, "पुढच्या खेपेला इथनंच चालू कर." आम्ही पुन्हा गेलो नाही. आधी मुलीची बारावी, मग टाळेबंदी, मग मुलाची दहावी-बारावी, असे करत राहून गेले, आणि ही चुटपुट मला खरोखर आहे.

आपली मुले बारा-तेरा वर्षांच्या पुढची असताना त्यांना एका दिवसासाठी गावात नेण्याचा अनुभव ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया लिहावे. काय साधले तेही लिहावे आणि काय साधले नाही तेही.

दुपारची उन्हे

पान १३२ वाचून डोळ्यांत पाणी आले. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि सध्या आमच्यात 'नको' या एकाच शब्दावर संवाद संपतो. मुक्काम न करता एका दिवसात हे सारे होण्यासारखे आहे का, आणि कोणत्या महिन्यात जावे, हे कोणी सांगेल का?

घाटवाट

मी वाईचा आहे, म्हणून उत्तर देतो. पुण्याहून एका दिवसात सहज होते. पहिली गाडी मात्र चुकवू नये. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्ट्रॉबेरीची लागण होते, उंच गादीवाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरून आणि ठिबकची नळी टाकून, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत फळ चालते. मुलांना शेत पाहायचे असेल तर जानेवारी आणि फेब्रुवारी उत्तम. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि शेतकरी मातृरोपे परदेशातून मागवून त्यांच्यापासून पुढची रोपे कशी वाढवतात, हे अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या मुलांनी अवश्य विचारावे. लोक फार आपुलकीने सांगतात.

एक विनंती आहे. ती राहती घरे आहेत. दुपारी घरातल्या वयस्क माणसांची पडायची वेळ असते, तेव्हा आवाज बेताचा ठेवावा आणि माणसांचे फोटो विचारूनच काढावेत. परतीच्या वाटेवर वेळ उरला तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहता येतो. तिथल्या देवळात वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी घंटा टांगलेली आहे. मोठ्या मुलांना इतिहासातली मोहीम आणि समोरची घंटा यांचा सांधा जुळताना पाहणे फार छान वाटते.

वेलदोडा

आम्ही गेली अकरा वर्षे वेल्समध्ये कार्डिफला राहतो. भिलारची कल्पना जिथून सुचली, ते 'हे-ऑन-वाय' नावाचे पुस्तकांचे गाव आमच्या घरापासून गाडीने एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर वाय नदीकाठी ते आहे. खरे तर ते लहानसे बाजाराचे गाव आहे. रिचर्ड बूथ या गृहस्थांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जुन्या पुस्तकांचे दुकान काढले, आणि १ एप्रिल १९७७ रोजी गाव स्वतंत्र राज्य असल्याचे जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतले. गावाकडे जगाचे लक्ष वळले ते तेव्हापासून.

मुले बारा आणि पंधरा वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांची फडताळे आहेत, तिथे विक्रेता नसतो, आपण पुस्तक घ्यायचे आणि पैसे पेटीत टाकायचे. माझा मुलगा तिथे बराच वेळ उभा राहून लोक खरोखर पैसे टाकतात का हे पाहत होता. सगळे टाकत होते. मुलीने मात्र मला विचारले, "आई, इथे तुझ्या भाषेतले एकही पुस्तक का नाही?" तिने 'तुझ्या भाषेतले' म्हटले. 'आपल्या' म्हटले नाही. तो शब्द माझ्या मनात राहिला.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये भारतात आलो तेव्हा मी दोघांना हट्टाने भिलारला नेले. मुलीला देवनागरी अडखळत वाचता येते. बालसाहित्याच्या घरात त्या घरची तिच्याच वयाची मुलगी होती. तिने आपणहून एक पुस्तक काढले, एक पान स्वतः वाचायचे आणि एक माझ्या मुलीने, असा बेत ठरवला, आणि दोघींनी मिळून संबंध गोष्ट संपवली. माझ्या लेकीला एका पानाला दहा मिनिटे लागत होती, तरी ती मुलगी एकदाही कंटाळली नाही. गाडीत बसताना माझी मुलगी म्हणाली की जोडाक्षरे आता तिला कमी भीतिदायक वाटतात. मी त्या घरच्या मुलीचे नाव इथे लिहीत नाही, पण दर दिवाळीला आमच्याकडून तिला पत्र जाते, आणि पत्ता माझी मुलगी देवनागरीत लिहिते.

पाऊलखूण

वेलदोडा, 'तुझ्या भाषेतले' हे वाचून मी थोडा वेळ थांबले. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

तिसरी तास

मी शिक्षिका आहे, पण हा अनुभव आईचा आहे. आमचा थोरला मुलगा नववीत असताना त्याला अभ्यासात अपयश आले होते आणि तो घरात कोणाशी बोलत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही संगमनेरहून अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी गेलो. राहीबाई पोपेरे यांनी जपलेली गावरान बियाण्यांची बँक पाहायची होती. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही माहिती मी मुलाला आधी मुद्दाम दिली नव्हती, कारण 'बघ, शाळेशिवायही होते' असा उपदेश मला त्याला करायचा नव्हता.

बियाणे दाखवणाऱ्या ताईंनी वालाचे आणि घेवड्याचे निरनिराळे वाण त्याच्या तळहातावर ठेवले. एकाच वालाचे इतके रंग आणि इतके आकार असतात हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. कोणता वाण कोरडवाहूत टिकतो, कोणता वेल झाडावर चढवावा लागतो, बियाण्याला कीड लागू नये म्हणून राख कशी चोळतात, असे ताई सांगत गेल्या आणि माझा मुलगा, जो तीन महिने एका वाक्याच्या पुढे बोलला नव्हता, तो प्रश्नामागून प्रश्न विचारत गेला. शेवटी ताईंनी त्यालाच एक कोडे घातले. दोन बिया हातात देऊन यातली पेरायची कोणती आणि खायची कोणती ते ओळख, असे त्या म्हणाल्या. त्याने ओळखले, आणि कशावरून ओळखले तेही सांगितले.

आमच्या गच्चीत त्या वर्षी वालाचे दोन वेल होते. तो आज कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या एका दिवसामुळे हे झाले असे मी म्हणणार नाही, कारण मधे बरेच काही घडले, पण तळहातावरच्या बियांकडे पाहणारा त्याचा चेहरा मला आजही आठवतो.

गव्हाण

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. पुणे जिल्ह्यात आमचे शेत आहे आणि हिवाळ्यात आम्ही हुरड्यासाठी पाहुणे घेतो. आठवड्याला सात-आठ कुटुंबे येतात, त्यामुळे या वयाची मुले मी बरीच पाहिली आहेत.

लहान मुलांना बैलगाडीत बसवले, झोपाळा दाखवला की ती खूश असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मात्र तेच दाखवले तर ती संकोचतात, कारण आपल्याला लहान समजले जात आहे हे त्यांना लगेच कळते. मी आता त्यांना काम देतो. गोवऱ्या रचून आगटी पेटवायची, कणसे विस्तवात खुपसायची, दाणा करपण्याआधी काढायची आणि गरम कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे. चोळायला बळ लागते आणि चटके बसतात. पहिले दोन-तीन वेळा दाणे मातीत सांडतात. नंतर हात बसतो, आणि मग हीच मुले आपल्या आईवडिलांना पानावर हुरडा वाढतात, वर लसणाची चटणी आणि गूळही देतात. आईबाप त्या वेळी मुलाकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर पाहण्यासाठी मी हा उद्योग चालू ठेवला आहे असे म्हटले तरी चालेल.

हुरडा गुळभेंडी किंवा सुरती ज्वारीचा असेल तर गोडी वेगळीच असते. दाणा त्या अवस्थेत थोडेच दिवस राहतो. पेरणी पुढे-मागे केली तर हंगाम थोडा लांबतो, पण दाण्यात दूध भरून तो नुकता घट्ट होऊ लागला आहे, हीच वेळ साधावी लागते. म्हणून फोन करून विचारल्याशिवाय येऊ नये.

दोन गोष्टी मनाला लागतात, त्याही सांगतो. काही कुटुंबे ताटात भाकरी टाकून उठतात. ती भाकरी माझ्या आईने पहाटे चारला उठून चुलीवर थापलेली असते. आणि काही मुले कडब्याच्या गंजीवर चढतात. गंजी कोसळली की पुढच्या उन्हाळ्याची जनावरांची वैरण खराब होते. मुलांना कारण सांगितले की ती लगेच उतरतात आणि माफीही मागतात. त्यांना आधी कोणी सांगितलेलेच नसते, एवढेच.

दुपारची उन्हे

गव्हाण, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. एक प्रश्न विचारायचा आहे, पण जरा संकोच वाटतो. मुलगी वयात आलेली आहे, आणि गावात दिवसभर राहायचे तर स्वच्छतागृहाचे काय, हीच तिची पहिली शंका आहे.

अंगणातली तुळस

संकोच करू नका, हा अगदी योग्य प्रश्न आहे. आमची मुलगी तेरा वर्षांची असताना अशाच एका सहलीत तिला दुपारी अनपेक्षितपणे पाळी आली. जवळ काहीच नव्हते आणि गावातले दुकान बंद होते. ज्या घरी आम्ही जेवलो होतो तिथल्या मावशींना मी हळूच सांगितले. त्यांनी एक शब्दही न वाढवता आपल्या सुनेला हाक मारली, मुलीला आतल्या खोलीत नेले, पॅड दिले, कोमट पाणी दिले आणि सुनेचा स्वच्छ परकर दिला. मग मुलीला जवळ बसवून आल्याचा चहा पाजला. माझी मुलगी फार लाजली होती, पण ती सून तिच्याशी इतक्या साधेपणाने बोलत राहिली की अर्ध्या तासाने दोघी अंगणात शेळीचे पिल्लू घेऊन बसल्या होत्या.

त्यानंतर मी दोन गोष्टी पाळते. निघण्याआधी फोनवर स्वच्छतागृहाची चौकशी स्पष्ट शब्दांत करते, आणि मुलीच्या पिशवीत तिची वेगळी थैली ठेवते, ज्यात पॅड, कागदी पिशव्या, जादा कपडे आणि पाण्याची बाटली असते. वापरलेले पॅड गावात टाकायचे नाही, बांधून घरी आणायचे, हेही तिला सांगितले आहे, कारण बहुतेक गावांत कचऱ्याची गाडी येत नाही. एवढी तयारी असली की मुलीच्या मनावरचे ओझे बरेच उतरते.

सड्यावरचा

आमचा अनुभव गोड नाही, तरीही लिहितो. गाव माझेच आहे, राजापूर तालुक्यातले. वडील गेल्यापासून घर बंद असते. रत्नागिरीला नातेवाइकांकडे लग्नाला गेलो होतो, तेव्हा सोळा वर्षांच्या माझ्या दोन्ही जुळ्या मुलांना एक दिवस गाव दाखवायचा असे ठरवले. मी त्यांना प्रत्येक ठिकाणी थांबवून सांगत होतो, इथे मी पडलो, इथे आम्ही आंबे राखायला निजायचो, ही आजोबांची विहीर. दुपारपर्यंत मुले गप्प झाली. थोरला शेवटी म्हणाला, "बाबा, हे सगळे तुमचे आहे. आमचे इथे काय आहे?" मला राग आला आणि मी नको ते बोललो.

मग माझ्या चुलतभावाने दोघांना दुचाकीवरून कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नेले. त्या जांभ्या कातळावर कोरलेला एक प्रचंड हत्ती आहे, आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. मुलगे संध्याकाळी परतले ते उन्हाने लाल होऊन, पण चेहरे उजळलेले होते. उभे राहून पाहिले तर चित्र कळत नाही, चालत चालत रेघ पकडावी लागते, असे ते एकमेकांचे बोलणे तोडत सांगत होते. लहानपणी गुरांमागे मी अशाच सड्यांवरून हजारदा फिरलो आहे, पण खाली पाहून कधी विचार केला नव्हता. त्या रात्री मी मुलांची माफी मागितली. पुढच्या वेळी त्यांनी मला ती रेघ दाखवायची, असे ठरले आहे.

जाणार असाल तर सकाळी आठच्या आत पोचावे. सड्यावर सावली नसते आणि कातळ भाजून निघतो. पावसाळ्यात शेवाळ येते, तेव्हा जपून चालावे आणि कोरीव रेघांवर पाय देऊ नये.

पाऊलखूण

सड्यावरचा, तुम्ही याला गोड नसलेला अनुभव म्हणालात, पण मुलांची माफी मागण्यापर्यंत किती वडील पोचतात? मला तुमचे लिहिणे फार जवळचे वाटले.

मानशीकडे

गोव्याहून लिहितो. दिवाडी बेटावर फेरीबोटीने जायला काही मिनिटेच लागतात, पण माझ्या मुलांना पणजीत राहूनही तिथली खाजन शेती ठाऊक नव्हती. खाडीचे खारे पाणी अडवण्यासाठी पूर्वजांनी बांध घातले आणि त्या बांधांत मानस बसवली. मानस म्हणजे लाकडी दारे. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती मिटतात आणि ओहोटीला आतले जास्तीचे पाणी त्यांना ढकलून बाहेर जाते. माणसाला काहीच करावे लागत नाही. माझी मुलगी बारावीला भौतिकशास्त्र शिकत होती. तिने दार मिटताना प्रत्यक्ष पाहायचे ठरवले आणि आम्ही भरतीची वाट पाहत बांधावर दीड तास बसून राहिलो. बरोबर काही खायला नव्हते, धाकटा कंटाळला होता, पण दार हळूहळू हलू लागले तेव्हा तोही उठून उभा राहिला. तिथे मासे धरायला आलेल्या एका गृहस्थांनी त्याला खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या कोरगुट भाताबद्दल सांगितले, आणि बांध फुटला तर किती वर्षे शेत नापीक राहते तेही. जाण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवा, ही एकच सूचना.

उंबरठा

मी सर्व वाचते आहे आणि मनात खंत दाटते आहे. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघे नवराबायको त्याच्याशिवायच गेलो, कारण तो आलाच नाही. 'तुमच्या त्या गावात मला काहीच करायचे नाही' हे त्याचे शब्द होते. दिवसभर मी तिथे होते, पण माझे लक्ष घरी होते.

तिसरी तास

उंबरठा, तुमच्या जागी मी होते, म्हणून लिहिते. या वयात आईवडिलांबरोबर एकटे दिवसभर राहणे अनेक मुलांना जड जाते. त्यात तुमच्यावरचे प्रेम कमी झालेले नसते. पुढच्या वेळी त्याच्या एखाद्या मित्राला बरोबर घ्या आणि जाण्याची जागा त्या दोघांना ठरवू द्या. आमच्या धाकट्याने मित्राबरोबर काजवे पाहायला जायचे ठरवले होते, आणि मेच्या अखेरीस पुरुषवाडीच्या त्या अंधारात दोघे इतका वेळ निःशब्द उभे राहिले की मीच काळजीने हाक मारली. आम्ही मोठी माणसे मागे पन्नास पावलांवर होतो.

उंबरठा

मित्राला बरोबर घेण्याचे मला सुचलेच नव्हते. आज रात्री विचारून पाहते. आभारी आहे.

तळ्याकाठी

नागपूरहून लिहिते. भंडारा-गोंदियाकडची मालगुजारी तळी मुलांना नक्की दाखवा. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली ही तळी आजही धानाला पाणी देतात. आम्ही नवेगाव बांधला गेलो होतो. माझ्या मुलाने पक्ष्यांची यादी केली आणि मुलीने ढिवर काकांबरोबर जाळे आवरले. सविस्तर रविवारी लिहीन, आता कामावर निघायचे आहे.

विहीरकाठ

आमचा अनुभव हिवरे बाजारचा आहे. हे गाव नगरजवळचे, पावसाच्या छायेतले, आणि तिथे सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात गावाने श्रमदानातून डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि उसासारखी पाणी पिणारी पिके वर्ज्य केली. हे सारे पाठ्यपुस्तकासारखे वाटते. माझ्या मुलालाही तसेच वाटले होते. तो पंधरा वर्षांचा होता आणि पूर्ण वाटेत कानांत गाणी लावून बसला होता.

गावातल्या एका काकांनी त्याला पाण्याचा ताळेबंद समजावून सांगितला. पावसाळा संपला की किती पाऊस झाला आणि विहिरींची पातळी किती आहे ते मोजायचे. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग घरवापराचे, आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झाला असेल तर कमी पाण्याचे पीक. काका म्हणाले, "बँकेत पैसे किती ते बघूनच खर्च करता ना तुम्ही? तसंच हे." मुलाने कानांतले काढून ठेवले आणि विचारले, "आमच्या सोसायटीत हे कोण मोजतं, बाबा?"

कोणीच मोजत नव्हते. घरी आल्यावर त्याने रखवालदार काकांकडची टँकरची वही मागून घेतली, महिन्याभराचे टँकर मोजले आणि घरटी रोजचे लिटर काढले. तो आकडा पाहून मी स्वतः हबकलो. नंतर सोसायटीच्या सभेत तो ते कागद घेऊन उभा राहिला. आवाज कापत होता, पण त्याने सगळे वाचले.

घाटवाट

पुढे काय झाले? सभेने काही ठरवले का?

विहीरकाठ

लगेच नाही. काहींनी मुलाने मधे बोलू नये असेही म्हटले, आणि त्याला ते लागले. चार महिन्यांनी मात्र बोअरवर मीटर बसला. दर रविवारी तो नोंद घेतो. आता बारावी आहे, म्हणून त्याची बहीण घेते. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा हिवरे बाजारला जाणार आहोत, कारण त्याला ती वही त्या काकांना दाखवायची आहे.

पाऊलखूण

सर्वांचे लिहिणे मी मुलाला एकेक करून पाठवते आहे. त्याची पुढची सुट्टी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि मुलीनेही रजा टाकायचे कबूल केले आहे. घाटवाट, तुम्हाला एक त्रास देऊ का? निसर्ग आणि प्रवासाच्या पुस्तकांचे ते घर अजून तिथेच आहे का, आणि त्या आजी कशा आहेत, हे कळू शकेल का? घर चौकातून वरच्या अंगाला होते आणि दाराशी फणसाचे झाड होते.

घाटवाट

त्रास कसला? सोमवारी माझे पाचगणीला काम आहे, तसाच पुढे भिलारला जाऊन विचारून येतो. पुस्तकाचे नाव मला निरोपातून कळवा, म्हणजे कपाटात तेही पाहून ठेवतो.